अंदाज चुकविणारे संघ

२५ मार्च २००१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात महिलांच्या आइस हॉकीचा एक अंतिम सामना झाला. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने या खेळात महिलांसाठी भरविलेली ती पहिलीच राष्ट्रीय स्पर्धा होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ येथील संघाने सेंट लॉरेन्स विद्यापीठाचा ४-२ असा पराभव केला आणि विजेतेपदावर आपले नाव कोरले. या निकालात एक गोष्ट विशेष लक्षणीय होती. १९९९च्या मार्चपर्यंत डुलुथच्या महिला संघाने एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता. अवघ्या दुसऱ्या हंगामात हा संघ देशात पहिला आला.

दरवर्षी शरद ऋतूच्या तोंडावर अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला आइस हॉकीत भाकिते वर्तविली जातात. प्रत्येक लीगमधील प्रशिक्षक मतदान करून आपल्या लीगचा संभाव्य क्रम जाहीर करतात. आणि बहुतेक वर्षी पहिल्या सहा-आठ आठवड्यांतच एखादा संघ त्या क्रमाला धक्का देतो. सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या लायकीचा समजला गेलेला संघ अचानक पहिल्या तिघांत दिसू लागतो. तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. हे यश खरे की नशिबाचे? आणि खरे असेल, तर हंगामाच्या आरंभीच्या या यशाला एवढे महत्त्व कशासाठी?

भारतीय वाचकाला हॉकी म्हटले की हिरवे मैदान आठवते आणि आइस हॉकी म्हटले तर फार तर लडाखमधील गोठलेली तळी. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे शोधण्यापूर्वी खेळाची आणि त्याच्या व्यवस्थेची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

खेळ आणि त्याचे वेळापत्रक

आइस हॉकी साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद अशा बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, म्हणजे रिंकवर, खेळली जाते. दोन्ही बाजूंना एक गोलरक्षक आणि पाच खेळाडू असतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. हा खेळ इतका दमछाक करणारा आहे, की कोणतीही खेळाडू सलग मिनिटभरही बर्फावर टिकत नाही. तीन-चार फळ्या आळीपाळीने उतरतात आणि बाहेर येतात. खेळ न थांबवताच ही अदलाबदल होते.

महाविद्यालयीन हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. सामने प्रामुख्याने शनिवार-रविवारच्या आसपास असतात. पुष्कळदा एकाच प्रतिस्पर्ध्याशी शुक्रवारी आणि शनिवारी असे लागोपाठ दोन सामने खेळले जातात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, ब्राऊन आणि डार्टमथ ही आयव्ही लीगची सहा विद्यापीठे मात्र आपला हंगाम इतरांपेक्षा उशिरा, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू करतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जाहीर होणाऱ्या क्रमवारीत काही संघांचे आठ-दहा सामने झालेले असतात, तर काहींनी बर्फावर अधिकृतपणे पाऊलही ठेवलेले नसते. आरंभीचा तक्ता वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

सर्वोच्च श्रेणीत खेळणाऱ्या महिला संघांची संख्या चाळीसहून थोडी अधिक आहे. ते पाच लीगमध्ये विभागलेले आहेत. त्यांपैकी डब्ल्यूसीएचए ही मध्य-पश्चिमेकडील लीग सर्वांत बलाढ्य मानली जाते. २००१ ते २०१३ या काळातील सर्व तेरा राष्ट्रीय विजेतेपदे या लीगमधील तीनच संघांनी जिंकली. त्यांत डुलुथची ५, मिनेसोटाची ४ आणि विस्कॉन्सिनची ४ होती. ज्या खेळात सत्ता इतक्या थोड्या हातांत एकवटलेली असते, तेथे एखाद्या बाहेरच्या संघाने डोके वर काढणे ही साधी बाब नसते.

अंदाज का चुकतात?

हंगामापूर्वीचा अंदाज मुख्यतः मागील वर्षाच्या कामगिरीवर बांधला जातो. गेल्या वर्षी कोण कितवे आले, त्यातील किती खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडल्या, किती परत आल्या, एवढ्या माहितीवर मते पडतात. पण महाविद्यालयीन संघ हा सतत बदलणारा समूह आहे. दरवर्षी साधारण चौथा हिस्सा खेळाडू शिक्षण संपवून निघून जातात आणि त्यांच्या जागी अठरा वर्षांच्या मुली येतात. या मुली वरच्या पातळीवर कशा खेळतील, हे त्यांच्या प्रशिक्षकांनाही पुरते ठाऊक नसते. शिवाय खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मुभा आहे. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत संघाचा निम्मा चेहरामोहराच बदलणे शक्य झाले आहे.

दुसरे कारण ऑलिंपिकचे. हिवाळी ऑलिंपिकच्या वर्षी अमेरिका आणि कॅनडा आपल्या राष्ट्रीय संघांसाठी महाविद्यालयांतील उत्तमोत्तम खेळाडू उचलतात. शिबिर दीर्घ असले की त्या खेळाडू पूर्ण हंगाम महाविद्यालयाकडून खेळत नाहीत. पुढील वर्षी त्या परततात, तेव्हा कागदावर दुबळा दिसणारा संघ एकाएकी बलवान झालेला असतो.

हार्वर्डचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९७-९८च्या हंगामात त्या संघाचे विजयांपेक्षा पराभव अधिक होते. १९९८च्या फेब्रुवारीत नागानो येथे महिला आइस हॉकीचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला आणि अमेरिकेने अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ असे हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या सुवर्णविजेत्या संघातील ए. जे. म्लेच्को नंतर हार्वर्डला परतली. त्याच संघातील अँजेला रुगिएरो आणि कॅनडाची जेनिफर बॉटरिल या दोघींनी त्याच वर्षी प्रथम वर्षात प्रवेश घेतला. १९९८-९९च्या हंगामात हार्वर्डने ३४पैकी ३३ सामने जिंकले, एकच गमावला. एनसीएएची स्पर्धा सुरू होण्यापूर्वी जी राष्ट्रीय स्पर्धा भरत असे, तिच्या अंतिम सामन्यात हार्वर्डने न्यू हॅम्पशायरला जादा वेळेत ६-५ असे हरविले. म्लेच्कोला त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडू म्हणून पॅटी काझमायर पुरस्कार मिळाला. मागील वर्षाच्या तक्त्यावर विसंबणाऱ्याला हे सारे अनपेक्षित वाटले असते. पण विद्यापीठाच्या प्रवेशयादीवर नजर टाकणाऱ्याला त्याची चाहूल आधीच लागली असती.

याच्या उलट घडते तेव्हाही आश्चर्याचे धक्के बसतात. २०१३-१४ हे सोची ऑलिंपिकचे वर्ष होते. आदल्या दोन्ही वर्षी विजेता ठरलेल्या मिनेसोटाने अमांडा केसेल आणि ली स्टेकलाइन या खेळाडू राष्ट्रीय संघाला दिल्या होत्या. तरीही मिनेसोटा बलाढ्यच होता. त्याची सलग ६२ विजयांची मालिका नोव्हेंबर २०१३मध्ये नॉर्थ डकोटाने खंडित केली. मार्च २०१४मधील अंतिम सामन्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, पॉट्सडॅम या लहानशा गावात असलेल्या क्लार्कसन विद्यापीठाने मिनेसोटाला ५-४ असे नमविले. डब्ल्यूसीएचएबाहेरील संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविण्याची ती पहिलीच वेळ. क्लार्कसनची आघाडीची खेळाडू जेमी ली रॅट्रे त्या वर्षी कॅनडाच्या ऑलिंपिक संघात नव्हती, म्हणूनच ती क्लार्कसनकडून पूर्ण हंगाम खेळू शकली. त्या वर्षीचा काझमायर पुरस्कार तिलाच मिळाला. पुढे २०२२मध्ये बीजिंगला कॅनडाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती त्या संघात होती.

नशीब किती, गुणवत्ता किती?

असे असले तरी आरंभीचे प्रत्येक यश गुणवत्तेचेच असते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आइस हॉकीत गोल थोडे होतात आणि अनेक सामने एका-दोन गोलांच्या फरकाने सुटतात. पक खेळाडूच्या स्केटला लागून दिशा बदलतो, गोलखांबाला आपटून आत जातो किंवा बाहेर येतो. थोड्या सामन्यांत अशा योगायोगांचे पारडे एकाच बाजूला झुकू शकते.

हे एका साध्या हिशेबाने समजून घेता येते. समजा, एक संघ प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या गोलवर ३० फटके मारतो. दहा सामन्यांत ३०० फटके झाले. शंभरातील नऊ फटके गोलमध्ये गेले, तर २७ गोल होतात. आता काही आठवडे दैव अनुकूल राहिले आणि शंभरातील चौदा फटके आत गेले, तर गोल होतात ४२. म्हणजे खेळात कोणतीही सुधारणा न होता प्रत्येक सामन्यामागे सरासरी दीड गोल अधिक पदरात पडला. ज्या खेळात निकाल एका गोलाने लागतो, तेथे एवढा फरक पराभवांचे विजयात रूपांतर करावयास पुरेसा आहे. पण चौदाचे प्रमाण सहसा टिकत नाही. हिवाळा सरता सरता ते पुन्हा नऊ-दहावर येते आणि मग त्याच संघाच्या 'घसरणी'ची चर्चा सुरू होते. वस्तुतः संघ होता तेथेच असतो, फक्त दैवाने दिलेली उचल परत घेतलेली असते.

म्हणूनच जाणकार विजयांच्या संख्येपेक्षा इतर काही गोष्टींकडे अधिक लक्ष देतात. पहिली गोष्ट म्हणजे फटक्यांचे पारडे. दहापैकी आठ सामने जिंकलेले दोन संघ घेतले आणि त्यांतील एक सामन्यागणिक ३३ फटके मारून २० झेलत असेल, तर दुसरा २२ मारून ३४ झेलत असेल. तक्त्यात दोघे समान दिसतील, पण पहिल्याचे यश खेळावरील हुकमतीचे आहे आणि दुसऱ्याचे गोलरक्षकाच्या खांद्यावर उभे आहे.

दुसरी गोष्ट गोलरक्षकाची. या खेळात एकट्या व्यक्तीचा इतका प्रभाव दुसऱ्या कोणत्याही जागेवर पडत नाही. चांगली महाविद्यालयीन गोलरक्षक शंभरातील ९२-९३ फटके अडवते, सामान्य गोलरक्षक ९०च्या आसपास. हा दोन-तीनचा फरक ऐकताना क्षुल्लक वाटतो, परंतु पूर्ण हंगामात तो वीस-पंचवीस गोलांचा होतो. नवी गोलरक्षक खरोखरच उत्तम असेल, तर संघाचे आरंभीचे यश टिकाऊ असू शकते. ती केवळ काही आठवडे बहरात असेल, तर नाही. दोहोंतील भेद कळावयास मात्र हंगामाचा मध्य यावा लागतो.

तिसरी गोष्ट शनिवारची. शुक्रवारी ताज्या पायांनी कोणताही संघ बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला चकवू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याच प्रतिस्पर्ध्याने आदल्या रात्रीच्या चुका सुधारलेल्या असतात, पाय जड झालेले असतात आणि पहिल्या फळीवर अधिक भार टाकता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या फळीतील मुलींना तेव्हा आपले नाणे वाजवून दाखवावे लागते. जो संघ शुक्रवारी जिंकतो आणि शनिवारीही जिंकतो, त्याच्या यशात खोली आहे असे समजावे.

डुलुथने काय केले?

या कसोट्या मनात ठेवून डुलुथकडे पाहिले, म्हणजे त्या संघाच्या झेपेचा उलगडा होतो. सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला वसलेले डुलुथ हे लोहखनिजाच्या वाहतुकीवर वाढलेले बंदर. हिवाळा दीर्घ आणि कडाक्याचा. पुरुषांच्या आइस हॉकीची परंपरा तेथे जुनी होती, महिलांचा विद्यापीठीय संघ मात्र नव्हता. १९९९मध्ये तो उभा राहिला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या डब्ल्यूसीएचएच्या महिला लीगमध्ये दाखल झाला.

संघाच्या उभारणीची जबाबदारी शॅनन मिलर यांच्यावर सोपविण्यात आली. मिलर मूळच्या कॅनडाच्या. पूर्वी त्या कॅल्गरीत पोलीस अधिकारी होत्या आणि १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या कॅनडाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. नव्या संघाच्या प्रशिक्षकापुढील सर्वांत मोठी अडचण म्हणजे आसपासच्या नामांकित खेळाडू आधीच प्रस्थापित विद्यापीठांकडे वळलेल्या असतात. मिलर यांनी आपली नजर अमेरिकेबाहेर वळविली. स्वीडनहून मारिया रूथ आणि एरिका होल्स्ट आल्या, फिनलंडहून हान्ने सिकिओ आली, कॅनडातून मुली आल्या. नागानोच्या सुवर्णविजेत्या अमेरिकी संघातील जेनी श्मिडगॉल मिनेसोटा सोडून डुलुथमध्ये दाखल झाली. त्या काळी युरोपातील महिला खेळाडूंना घरच्या देशात उच्च दर्जाची स्पर्धा आणि शिक्षण यांचा मेळ घालण्याची संधी फारशी नव्हती. डुलुथने ती देऊ केली.

परिणाम तत्काळ दिसला. १९९९-२०००च्या पदार्पणाच्या हंगामातच डुलुथने डब्ल्यूसीएचएच्या नियमित हंगामात पहिला क्रमांक पटकावला आणि हंगामाअखेरची लीगची बाद स्पर्धाही जिंकली. राष्ट्रीय विजेतेपद मात्र त्या वर्षी शेजारच्या मिनेसोटाकडे गेले. पुढील हंगामात श्मिडगॉल मातृत्वामुळे खेळू शकली नाही. संघाची भिस्त एकाच तारकेवर असती, तर तो येथेच कोसळला असता. उलट २०००-०१मध्ये डुलुथने उपांत्य सामन्यात हार्वर्डला आणि अंतिम सामन्यात सेंट लॉरेन्सला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. २००२मध्ये ब्राऊनचा ३-२ असा पराभव करून ते राखले. २००३मध्ये स्वतःच्या गावी, दुसऱ्या जादा वेळेपर्यंत लांबलेल्या सामन्यात हार्वर्डला ४-३ असे हरवून विजेतेपदांची हॅट्‌ट्रिक साधली.

डुलुथचे आरंभीचे यश योगायोगाचे नव्हते, ते यावरून दिसते. इतरांच्या नजरेस न पडलेल्या ठिकाणी त्याचे मूळ होते. या उपक्रमाचा लाभ केवळ डुलुथलाच झाला असेही नाही. २००६च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने उपांत्य सामन्यात अमेरिकेला पेनल्टी फटक्यांवर हरवून साऱ्या क्रीडाजगताला चकित केले. नियमित वेळेतील स्वीडनचे दोन्ही गोल आणि निर्णायक पेनल्टी फटका हे सारे मारिया रूथचे होते. अमेरिकेला नमविणारी खेळाडू अमेरिकेच्याच महाविद्यालयात घडली होती.

ऑक्टोबरचा विजय मार्चमध्ये

आता दुसरा प्रश्न. आरंभीचे यश टिकले नाही, तर त्याचा उपयोग काय? येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीची पद्धत महत्त्वाची ठरते.

२००१ ते २००४ या काळात राष्ट्रीय स्पर्धेत केवळ ४ संघांना प्रवेश होता. २००५पासून तो आकडा ८ झाला आणि २०२२पासून ११. त्यांपैकी पाच जागा पाच लीगच्या विजेत्यांना आपोआप मिळतात. उरलेल्या सहा जागांसाठी संघांची तुलना त्यांच्या संपूर्ण हंगामातील कामगिरीवरून होते. किती सामने जिंकले एवढेच त्यात पाहिले जात नाही, कोणाविरुद्ध जिंकले याचेही मोजमाप होते. दुबळ्यांविरुद्धच्या दहा विजयांपेक्षा बलाढ्यांविरुद्धचे पाच विजय कधीकधी जड ठरतात.

या गणिताचा एक परिणाम सहज ध्यानात येत नाही. ऑक्टोबरमधील विजय आणि फेब्रुवारीतील विजय यांचे मोल त्यात सारखेच असते. किंबहुना अन्य लीगमधील संघांशी होणारे सामने बहुधा हंगामाच्या पूर्वार्धात असतात. नंतर प्रत्येक संघ आपापल्या लीगमधील वेळापत्रकात अडकतो. त्यामुळे आपली लीग दुबळी समजली जात असेल, तर आपले खरे बळ सिद्ध करण्याची संधी हंगामाच्या आरंभीच मिळते. ती हुकली, तर पुढे लीगमध्ये कितीही विजय मिळविले तरी गुणानुक्रम फारसा वर सरकत नाही. शिवाय पहिल्या चार मानांकित संघांना राष्ट्रीय स्पर्धेतील उपांत्यपूर्व सामना घरच्या रिंकवर खेळावयास मिळतो. हा लाभही अंशतः ऑक्टोबरमध्येच कमावलेला असतो.

पुढे एखाद्या संघाचे दैव फिरले आणि घसरण झाली, तरी आरंभी बँकेत टाकलेले विजय कोणी काढून घेत नाही. म्हणून नशिबाने मिळालेले असले तरी ते मोलाचे असतात.

अपेक्षांच्या पलीकडचा प्रश्न

परंतु या खेळात केवळ स्थान आणि मानांकनच पणाला लागलेले नसते. कित्येकदा संघाचे अस्तित्वच पणाला लागते.

१९७२मध्ये अमेरिकेत टायटल नाइन हा कायदा झाला. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. महाविद्यालयांतील महिलांच्या खेळांची वाढ मुख्यतः या कायद्याच्या आधारे झाली. तरीही आइस हॉकी हा खर्चिक खेळ आहे. रिंकची देखभाल, साहित्य, दूरचे प्रवास आणि शिष्यवृत्त्या यांवर मोठा पैसा लागतो आणि तिकीटविक्रीतून त्याची भरपाई होत नाही. विद्यापीठाची तिजोरी आटली की खर्चकपातीच्या यादीत या संघाचे नाव येऊ शकते.

मिनेसोटाची ६२ विजयांची मालिका ज्याने खंडित केली, त्या नॉर्थ डकोटाच्या महिला संघाचे काय झाले? मार्च २०१७मध्ये विद्यापीठाने अर्थसंकल्पातील कपातीचे कारण देऊन तो संघच बंद केला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, फेब्रुवारी २०१८मध्ये, प्योंगचांग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला पेनल्टी फटक्यांवर हरवून वीस वर्षांनी सुवर्णपदक मिळविले. बरोबरी साधणारा गोल मोनिक लामोरूने केला आणि निर्णायक पेनल्टी फटका तिची जुळी बहीण जोसलिन हिने मारला. दोघीही नॉर्थ डकोटाच्या त्याच बंद झालेल्या संघाच्या माजी खेळाडू.

पिट्सबर्गजवळील रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाचा महिला संघ २०२१च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि मे महिन्यात विद्यापीठाने पुरुष व महिला दोन्ही संघ बंद करीत असल्याचे जाहीर केले. माजी खेळाडू, पालक आणि स्थानिक चाहत्यांनी निधी उभारला. अखेरीस निर्णय फिरला आणि २०२३-२४च्या हंगामात संघ पुन्हा बर्फावर उतरला. दरम्यान दोन हंगाम वाया गेले आणि खेळाडूंची पांगापांग झाली.

डुलुथच्या कथेलाही अशी एक बाजू आहे. मिलर यांच्या कारकिर्दीत संघाने २००८ आणि २०१०मध्ये आणखी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. एकूण पाच. डिसेंबर २०१४मध्ये, हंगाम सुरू असतानाच, आर्थिक कारण पुढे करून त्यांच्या कराराचे नूतनीकरण न करण्याचा निर्णय विद्यापीठाने जाहीर केला. मिलर न्यायालयात गेल्या. मार्च २०१८मध्ये संघराज्य न्यायालयातील ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. लिंगाधारित भेदभाव झाला आणि टायटल नाइनखाली तक्रारी केल्याबद्दल सूड उगविण्यात आला, असे ठरवून ३७ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर करण्यात आली. शून्यातून संघ उभा करून पाच वेळा देशात पहिला आणणाऱ्या प्रशिक्षकाचीही जागा सुरक्षित नव्हती.

ही उदाहरणे पाहिली, म्हणजे नोव्हेंबरमध्ये तक्त्यात अनपेक्षितपणे वर आलेल्या संघाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. त्या संघातील मुलींसाठी हे विजय राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरील शिदोरी असते. पुढील वर्षी कोणत्या अठरा वर्षांच्या मुली येथे प्रवेश घेतील, हेही त्यावर काही अंशी ठरते. आणि आपला संघ पोसण्यालायक आहे, हे ते विद्यापीठाला दाखवून देतात. यश मिळाले म्हणून संघ वाचेलच अशी हमी नाही, हे नॉर्थ डकोटाने दाखविले. पण रॉबर्ट मॉरिसच्या बाबतीत ज्यांनी निधी उभारला, त्यांना वाचविण्यासारखे काही आहे असे वाटले ते संघाच्या खेळामुळेच.

क्वचित या यशातून पुढची परंपराही उभी राहते. ओहायो स्टेट विद्यापीठाचा महिला संघ १९९९पासून डब्ल्यूसीएचएमध्ये खेळत होता, पण राष्ट्रीय स्पर्धेचे दार त्याला कधी उघडले नव्हते. २०१६मध्ये नादीन म्युझराल प्रशिक्षक म्हणून आल्या. २००० साली डुलुथला मागे टाकून राष्ट्रीय विजेता ठरलेल्या मिनेसोटा संघाच्या त्या खेळाडू होत्या. दुसऱ्याच हंगामात, २०१८मध्ये, ओहायो स्टेट प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०२२च्या अंतिम सामन्यात त्याने विजेतेपद मिळविले. समोर होता डुलुथचाच संघ आणि निकाल होता ३-२. २०२४मध्ये विस्कॉन्सिनला १-० असे हरवून ओहायो स्टेट पुन्हा विजेता झाला. ज्या संघाची २०१६पर्यंत कोणी दखल घेत नव्हते, त्याला आता हंगामापूर्वीच्या मतदानात वरचे स्थान मिळते.

जानेवारी २०२४मध्ये उत्तर अमेरिकेत महिलांची पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग सुरू झाली आणि महाविद्यालयानंतरही खेळून उपजीविका करण्याची वाट खुली झाली. पूर्वी बहुतेकींची कारकीर्द पदवीबरोबर संपत असे. आता महाविद्यालयीन हंगामातील प्रत्येक सामन्यावर व्यावसायिक संघांचीही नजर असते. अनोळखी विद्यापीठाचा संघ आरंभीच चमकला, तर त्यातील खेळाडूही त्या नजरेत भरतात.

हंगामापूर्वीचे मतदान यंदाही होईल, पुढच्या वर्षीही होईल. त्यात डुलुथ, ओहायो स्टेट यांची नावे आता वर असतात, कारण त्यांनी एके काळी ते अंदाज खोटे ठरविले. तळाशी कोणाची तरी नावे असतीलच. त्या संघातील मुलींना सप्टेंबरच्या अखेरीस, शुक्रवारच्या पहिल्या सामन्यात त्या यादीचे उत्तर द्यावयाचे असते. आणि शनिवारी पुन्हा एकदा.